साध्या कप्प्यातली हळद

कोंबड्यांना मसाला खायला घालायचा, ही कल्पना आमच्या ताईची. तिनं घरात हे जाहीर केलं त्या दिवशी बाबा म्हणाले, "सगळं जग कोंबडीला मसाला नंतर लावतं, तू आधी लावणार, एवढंच ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. ताई हसली नाही. स्वतःच्या अभ्यासाची थट्टा तिला खपत नाही, हा तिचा एकमेव दोष. एवढ्या कमी दोषांची थोरली बहीण असणं म्हणजे काय छळ असतो, ते धाकट्यांनाच ठाऊक.

बाबांची ब्रॉयलरची शेड आमच्या घराच्या मागंच आहे. पिल्लं येतात, पाच-सहा आठवड्यांत टम्म होतात आणि गाडीत बसून जातात. ती लवकर वाढावीत आणि आजारी पडू नयेत म्हणून बहुतेक जण खाद्यात औषध मिसळतात. ते औषध शेवटी खाणाऱ्याच्या पोटात जातं, म्हणून ताईला ते बंद करायचं होतं. हळद, लसूण, दालचिनी आणि मिरे एवढ्यावर पिल्लाचं पोट ठणठणीत राहतं, खाल्लेलं त्याच्या अंगी लागतं, असं तिचं म्हणणं होतं. ती जनावरांचा आहार शिकते आणि या प्रयोगावर तिची मोठी पदवी अडकली होती. तिच्या मॅडम सोडल्या तर कॉलेजात सगळ्यांनी नाक मुरडलं होतं. मॅडमनी सुद्धा स्पष्ट सांगितलं होतं, एक बॅच, पस्तीस दिवस. फरक दिसला तर पुढं जा, नाही दिसला तर सगळं पहिल्यापासून. म्हणजे एक वर्ष पाण्यात.

बाबांनी शेडचा खिडकीकडचा कोपरा तिला मोकळा करून दिला. जाळी ठोकून आठ कप्पे केले, खाली लाकडाचा भुसा पसरला आणि प्रत्येक कप्प्यात पंधरा पिल्लं सोडली. कुठलं पिल्लू कुठं जाणार हे ताईनं चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चार कप्प्यांना पांढरी फीत बांधली, त्यांना साधं खाद्य. चार कप्प्यांना पिवळी, त्यांना मसाल्याचं. साध्या खाद्याच्या पिंपाला पांढरं झाकण, मसाल्याच्या पिंपाला पिवळं. भिंतीवर तिनं मोठ्या अक्षरात कागद लावला होता. एक किलो खाद्याला हळद पाच ग्रॅम, लसणाची पूड तीन, दालचिनी दोन, मिरे एक.

ताईची बस सकाळी साडेसहाला निघते आणि ती परत येते दिवेलागणीला. बाबा मोठ्या शेडमध्ये अडकलेले. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते आणि पिल्लांच्या बाबतीत माझ्यावर कुणाचाच भरवसा नाही. तेव्हा सकाळचं खाद्य घालायचं काम आईकडे आलं. ताई निश्चिंत झाली. आमच्या आईएवढं काटेकोर माणूस दिवा घेऊन शोधलं तरी मिळणार नाही. ती कपडे वाळत घालते तेव्हा चिमटेसुद्धा सारख्या अंतरावर लावते.

"पांढऱ्या फितीला पांढऱ्या झाकणाचं, पिवळ्या फितीला पिवळ्या झाकणाचं," ताईनं सांगितलं.

"कळलं बाळा," आई म्हणाली.

आई ताईची सख्खी आई नाही. ताई चार वर्षांची असताना ती या घरात आली आणि मी दोन वर्षांनी झाले. आमच्याकडे ही गोष्ट कुणी लपवत नाही आणि कुणी उगाळतही नाही.

दर रविवारी मी दुकानात जायच्या आधी वजनं व्हायची. मी पिल्लू धरायचं, ताईनं काट्यावरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. हे काम गमतीचं वाटतं ते पहिल्या दहा पिल्लांपर्यंत. पहिल्या रविवारी पिवळ्या फितीची पिल्लं सरासरी अकरा ग्रॅमनं पुढं निघाली. ताईनं तो आकडा दोनदा अधोरेखित केला आणि रात्री जेवताना कुणी न विचारता आम्हाला आतड्यांबद्दल सांगितलं. दुसऱ्या रविवारी फरक चार ग्रॅमवर आला. तिसऱ्या रविवारी पांढरी फीत एका ग्रॅमनं पुढं गेली.

ताईनं काटा तपासला. काट्याखाली फरशी समतल आहे का ते पाहिलं. मग सगळी, म्हणजे एकशेवीसच्या एकशेवीस, पिल्लं पुन्हा तोलली आणि माझ्या हातांवर नखांचे एवढे ओरखडे उठले की बरं झालं सोमवारी दुकान बंद असतं. आकडा तोच आला. चौथ्या रविवारी दोन्हीकडची सरासरी अगदी तंतोतंत सारखी निघाली. ताई वही मिटून भुशाच्या पोत्यावर बसली.

"म्हणजे मसाल्यानं काहीच होत नाही," ती म्हणाली. "सगळे खरं सांगत होते."

मला तिला चिडवता आलं नाही, यावरून तिची अवस्था काय होती ते समजावं. जेवायला बसली तर दोन घासांत उठली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आईचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, ताईच्या काळजीनं.

याच सुमारास आमच्या जेवणाचा रंग उडाला होता, हे मी सांगायचं विसरले. भाजी फिकी, बटाटे फिके. बाबा एकदा म्हणाले, "घरात कुणी आजारी आहे का?" आईनं सांगितलं, हळदीनं उष्णता होते, कमी केलीय. लसूणही कमी केला होता. लसणानं काय होतं ते तिनं सांगितलं नाही. आणि ही पोरगी, म्हणजे मी, दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते, पण स्वतःच्या ताटातलं मला दिसलं नाही.

सोमवारी मला सुट्टी. सकाळी आईचा फोन ओट्यावर वाजत होता म्हणून तो द्यायला मी शेडमध्ये गेले. आई पांढऱ्या फितीच्या कप्प्यापुढं उकिडवी बसली होती. शेजारी स्वयंपाकघरातला छोटा काटा, हळदीची बरणी, आणि एका पसरट पातेल्यात साधं खाद्य. भिंतीवरच्या कागदाकडे पाहत ती काट्यावर दालचिनीची पूड चिमटीचिमटीनं सोडत होती.

"आई!"

ती दचकली नाही. आधी दालचिनी दोन ग्रॅमवर आणली, खाद्यात घातली, हातानं नीट कालवली आणि मगच वर पाहिलं. अर्धवट टाकणं तिला जमतच नाही.

"हे तू काय करतेयस? हे साधे कप्पे आहेत!"

"माहितीये."

"कधीपासून?"

"आठ-नऊ दिवस नुसतंच घातलं गं. खरंच घातलं." ती पदराला हात पुसत म्हणाली. "पण हे बघ ना, मध्ये फक्त जाळी. पलीकडच्यांच्या भांड्यात वास सुटलाय, ती मचामचा खातायत आणि ही इकडून चोची जाळीत घालून बघतायत. रोज सकाळी. मी यांच्यापुढं नुसतं ठेवायचं आणि उठून जायचं. नाही बघवलं मला."

"आई, ती कोंबडी आहेत! पंगतीला बसलेली माणसं आहेत का?"

"कोंबडीच आहेत. आणि जायचीच आहेत. म्हणून तर. जेवढे दिवस आहेत तेवढे तरी सारखं खाऊ देत, असं वाटलं."

मी तिथंच भुशात बसले. मला हसू येत होतं. आईनं निदान प्रमाण तरी चुकवायचं होतं! थोडं जास्त, थोडं कमी, म्हणजे वजनात काहीतरी फरक निघाला असता. पण तिनं ग्रॅमला ग्रॅम लावला होता. ताईचा प्रयोग अगदी चोख झाला होता, फक्त दोन गटांऐवजी एकाच गटावर.

"तिचं वर्ष जाईल, आई. दोन्हींत फरक असला तरच ती पास. तू फरकच पुसून टाकलास."

आईला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, पिल्लं चांगली वाढली की ताईचं झालं. दोन्हीकडची वाढली तर दुप्पट चांगलं. काल ताईचा चेहरा पाहून तिला पहिल्यांदा शंका आली होती, पण कुणाला विचारायचं हे कळेना. आता कळल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं कालवलेलं खाद्य तसंच मांडीवर धरून ठेवलं.

"लोक काय म्हणतील," ती हळूच म्हणाली. "तीच काय म्हणेल."

मग तिनं मला ताईच्या मावशीचं सांगितलं. ताईच्या आईची ही बहीण. मी लहान असताना ती दर रविवारी यायची, एवढं मला पुसट आठवतं. ती आली की सरळ स्वयंपाकघरात यायची आणि आम्हा दोघींच्या वाट्या उचलून शेजारीशेजारी ठेवायची. वाकून बघायची, कुणाचं दूध किती वर आहे. एकदा माझ्या वाटीत एक घोट जास्त निघाला. ती सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "असंच असतं." आई चोवीस वर्षांची होती. त्या दिवसापासून आई दोन वाट्या टेकवून, डोळे त्यांच्या रेषेत आणून वाढायला लागली. मावशी पुढं दूरगावी गेली, यायची थांबली. आईचं वाकणं थांबलं नाही.

"मला कुणाला कमी वाढताच येत नाही गं," आई म्हणाली. "हातच वळत नाही. आणि बघ, एवढं सगळं जपून शेवटी मी तिचंच वाटोळं केलं."

तिला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. मला काय करावं ते सुचेना म्हणून मी तिच्या मांडीवरचं पातेलं काढून बाजूला ठेवलं. ताईला मी सांगते म्हटलं. नको म्हणाली, मी केलंय, मीच सांगेन.

आणि तिनं सांगितलं. संध्याकाळी ताई दारात बूट काढत होती, तिथंच, एका दमात, काही न वगळता. ताई एक बूट हातात घेऊन ऐकत राहिली. मग तशीच एका बुटावर शेडमध्ये गेली. पांढऱ्या फितीचं एक पिल्लू उचलून तिनं त्याचे पाय उजेडाकडे धरले. पायांवर पिवळ्या फितीच्या पिल्लांसारखीच झाक होती. महिनाभर ती रोज संध्याकाळी यांना बघत होती आणि तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

परत आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "असू दे आई. तुझी काही चूक नाही. मीच नीट समजावून सांगायला हवं होतं."

बाबांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. मी ताईच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं, आणि आईनं मला उलट चार शब्द सुनावले असते, आणि तासाभरात आम्ही दोघी चहा पीत बसलो असतो. ताई पाहुण्यासारखी समजूतदारपणे बोलली आणि आई पाहुण्यांसमोर उभी राहते तशी उभी राहिली. पुढचे पाच दिवस घरात सगळे एकमेकांशी इतके चांगले वागत होते की मला गुदमरायला झालं.

मॅडम रविवारी शेवटची वजनं बघायला येणार होत्या. शनिवारी दुपारी ताई जेवणाच्या टेबलावर वही पक्की करत बसली होती. कच्च्या कागदावरचे आकडे पक्क्या वहीत उतरवायचे. मी दुकानातून जेवायला आले होते आणि शेजारी संत्रं सोलत होते. सहज नजर गेली. पांढऱ्या फितीचा आकडा कच्च्यात एक होता आणि पक्क्यात दुसरा. पन्नास ग्रॅमनं कमी. त्याखालचा साठनं. त्याखालचाही.

"ताई, हे काय?"

तिनं लिहिणं थांबवलं नाही. "पहिल्या रविवारी फरक होता. तू स्वतः पाहिलायस. तो असाच वाढत गेला असता."

"असता!"

"हळू बोल. उद्या मॅडम विचारतील, खाद्य कोण घालत होतं. काय सांगू? आई? त्या विचारतील, तिनं असं का केलं? मग सगळं सांगायचं, सावत्र वगैरे. कॉलेजभर होईल. माझं वर्ष गेलं तरी चालेल मला, पण तिच्याबद्दल कुणी तसं म्हटलेलं नाही चालणार."

ताईनं पुढचा आकडा लिहायला घेतला. मी काहीतरी बोलणार एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई आली. हातांना साबणाचा फेस तसाच. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काय लिहितेयस? बघू."

"काही नाही आई, नुसतं..."

"वही इकडे दे!"

आईनं ओल्या हातानं वही ओढली. आकडे वाचले, मग कच्चा कागद वाचला. तिला वाढतानाही एवढं वाकून बघताना मी पाहिलं नव्हतं. आणि मग आमची आई सुटली.

"कार्टे! लाज नाही वाटत तुला? एवढी शिकलीस ती खोटी वजनं लिहायला? मला पाठीशी घालतेय म्हणे! मी काय कुकुलं बाळ आहे? चुकले मी, माझं तोंड आहे, मी सांगेन तुझ्या मॅडमला. आणि वर्ष जाईल तर जाईल, वर्षांना काय तोटा पडलाय? पण परत असं खोटं लिहिताना दिसलीस ना, तर याद राख, तंगडं मोडून हातात देईन!"

सोललेलं संत्रं माझ्या हातात राहिलं. हा आवाज मला चांगला परिचयाचा. नापास झाले तेव्हाचा, भिंतीवरून उडी मारली तेव्हाचा, खोटं बोलले तेव्हाचा. 'कार्टी' हा शब्द तर या घरात फक्त माझ्या नावावर होता. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की एवढ्या वर्षांत आई ताईला एकदाही ओरडलेली नाही. एकदाही. मला वाटायचं ताई गुणी आहे म्हणून. पण इतकं गुणी कुणीच नसतं. दूध, कपडे, चादरी, सगळं आईनं दोघींना सारखं वाटलं होतं आणि हे एक ताईला द्यायची तिची कधी छाती झाली नव्हती.

आईच्याही ते ध्यानात आलं असावं. फेसाचा हात तोंडावर गेला आणि ती खुर्चीत मटकन बसली. ताईकडे पाहायचा तिला धीर होईना.

ताईचे कान लाल झाले होते. ती टेबलाकडे बघत बसली होती. मग तिनं वहीचं ते पान फाडलं, त्याच्या नीट चार घड्या केल्या आणि म्हणाली,

"तंगडं मोडल्यावर मी नवा प्रयोग एका पायावर करू का?"

आईनं मान वर केली. तिच्या हनुवटीला फेस लागला होता.

"उलट बोलू नकोस," ती म्हणाली.

"एकच मोडणार की दोन्ही?"

"उलट बोलू नकोस म्हटलं ना!"

आणि ताईनं आईच्या मांडीत डोकं घातलं. ती हसत होती की रडत होती ते मला वरून दिसत नव्हतं. आई दोन्ही करत होती. मी संत्रं एकटीनं खाल्लं, कारण त्या दोघींना माझी काही गरज नव्हती. थोडा हेवा वाटला, हे कबूल करते. हक्काची वस्तू कुणी वाटून घेतली की वाटतोच.

रविवारी मॅडम आल्या. चष्मा डोक्यावर चढवून त्यांनी आठही कप्पे फिरून पाहिले, दोन पिल्लं उलटी करून पाय पाहिले, मग वही पाहिली. वहीत खरे आकडे होते.

"दोन्ही गटांना मसाला गेलाय," त्या म्हणाल्या. "कुणी घातला?"

आई पुढं झाली, पण ताईनं तिला बोलूच दिलं नाही. "माझ्या आईनं, मॅडम. तिला दुजाभाव जमत नाही. हे मला प्रयोग आखतानाच माहीत असायला हवं होतं."

मॅडमनी वही मिटली. "पुन्हा करावं लागेल. नवी बॅच, सगळं पहिल्यापासून. वर्ष जाईल हे माहितीये ना?"

"हो, करते."

त्या ताईकडे थोडा वेळ बघत राहिल्या. त्यांना बहुधा रडारडीची सवय असावी. निघताना गाडीचं दार उघडून त्यांनी विचारलं, "घरी फार त्रास तर नाही ना झाला यावरून?"

"झाला ना," ताई म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "काल आई मला इतकी ओरडली! तंगडं मोडीन म्हणाली."

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा घाईनं डोळ्यांवर ओढला आणि काळजीनं आईकडे पाहिलं. आई लाजून बाबांच्या मागं गेली. गाडी वळेपर्यंत ताई हात हलवत होती.